चकमकीच्या आधी पोचलेल्या तारा

११ नोव्हेंबर २००६. मुंबईत वर्सोव्याजवळ लखनभैया नावाचा एक जण पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, पकडायला गेल्यावर त्याने हल्ला केला आणि त्यांना स्वसंरक्षणासाठी गोळीबार करावा लागला. त्याच्या वकील भावाचे म्हणणे वेगळे होते: त्याला दुपारीच वाशीतून उचलले, मग मारले.

असे वाद बहुधा शब्दाविरुद्ध शब्द एवढ्यावरच थांबतात, कारण मेलेला माणूस साक्ष देत नाही. इथे मात्र भावाने त्याच दुपारी, लखनभैयाला उचलल्याचे कळवत, वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. चकमक झाली संध्याकाळी. तारांवरची आधीची वेळ कुणाला मागाहून बदलता येणार नव्हती.

तरीही सत्र न्यायालयाचा निकाल यायला २०१३ उजाडले. २१ जण दोषी ठरले, त्यांत १३ पोलीस होते. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने काहींना सोडले, पण आधी निर्दोष सुटलेल्या एका नामांकित अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. न्यायालयात साक्ष देण्याआधीच एका महत्त्वाच्या साक्षीदाराचा खून झाला होता, हे मला या प्रकरणात सर्वांत भयंकर वाटते.

मुंबईतल्याच १९९५ ते १९९७ मधल्या चकमकींवरच्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंच्या तपासासाठी नियम घालून दिले. गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची. संशय फिटेपर्यंत शौर्यपदकाची शिफारस नाही. गुंडाच्या मृत्यूवर टाळ्या वाजवणाऱ्यांना हे नियम जाचक वाटतात. प्रामाणिक पोलिसाला खोट्या आरोपातून सोडवणारेही तेच नियम आहेत.