मनाचा आजार : बरे होणे म्हणजे काय?

ताप आला की आपण दवाखाना गाठतो. मन बिघडले की मात्र घरात कुजबुज सुरू होते. कोणी भगताकडे नेतो, कोणी माणसाला मागच्या खोलीत बांधून ठेवतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात बळी पडले. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे.

पूर्वी उपचार म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीचे मनोरुग्णालय, एवढेच लोकांना ठाऊक होते. उपचार घराजवळ मिळावेत म्हणून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१७ च्या कायद्याने तर सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकारही रुग्णाला दिला.

परंतु बरे होणे म्हणजे केवळ गोळ्यांनी लक्षणे कमी होणे नव्हे. उपचार घेणारी माणसे काय सांगतात? डॉक्टरांनी नातेवाइकाशी न बोलता आमच्याशी बोलावे. गोळीने सुस्ती येते, हात थरथरतात, ही तक्रार ऐकून घ्यावी. पुन्हा काम मिळावे, घरात मत विचारले जावे, लग्नकार्यात बोलावणे यावे. आजार थोडाफार राहिला तरी मानाने जगता येणे, यालाच ते बरे होणे म्हणतात.

या विचाराला खानदेशच्या एका सुपुत्राने मोठे बळ दिले. मूळचे धुळे जिल्ह्यातील, कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तेथे रुग्णाला 'शुभार्थी' व सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. 'वेडा' या शब्दाऐवजी असा शब्द ऐकताच माणसाची मान वर होते.

आपल्या पिंपळनेर भागाची अडचण वेगळी आहे. औषधासाठी साक्रीमार्गे धुळे गाठायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते, वर एस.टी.चे भाडे. ऊसतोडीला गेल्यावर गोळ्या संपतात आणि आजार उलटतो. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगून पुरेशी औषधे घ्यावीत. केसपेपर जवळ ठेवावा. बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दवाखान्यात कोणी हिडीसफिडीस केली, तर कायद्याने तक्रारीचा हक्क आहे. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर २०२२ पासून मोफत सल्ला मिळतो, तोही मराठीत.

बंधुभगिनींनो, सरकार गोळी देईल, कायदा हक्क देईल. परंतु ओट्यावर शेजारी बसवून घेणे आपल्याच हाती आहे. आपल्या गल्लीत असा कोणी असेल तर त्याला नावाने हाक मारा. उपचाराइतकीच त्याला त्याची गरज आहे.