शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर प्रशिक्षण आणि निवासी डॉक्टरांमधील ‘बर्नआऊट’ : एक विवेचन

बीजसंज्ञा : बर्नआऊट, निवासी डॉक्टर, शल्यचिकित्सा, कामाचे तास, वर्तणूक

प्रस्तावना :
एम.बी.बी.एस.नंतर एम.एस. पदवीसाठी तीन वर्षे आणि पुढे एम.सीएच.साठी आणखी तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून काम करावे लागते. या काळात तो एकाच वेळी विद्यार्थी असतो आणि रुग्णालयाचा मनुष्यबळही. या दुहेरी भूमिकेतून उद्भवणाऱ्या ‘बर्नआऊट’चे स्वरूप, कारणे व उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
ही संज्ञा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्या १९७४ मधील लेखनाने रूढ झाली. ख्रिस्तिना मॅस्लाक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तिच्या मापनासाठी प्रश्नावली तयार केली. तीनुसार बर्नआऊटची तीन अंगे मानली जातात :
१) भावनिक थकवा,
२) रुग्णाला माणूस न मानता केवळ ‘केस’ मानणारी अलिप्त वृत्ती,
३) आपल्या हातून काही मोलाचे घडत नाही ही भावना.
जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (२०२२ पासून लागू) बर्नआऊटला आजार नव्हे, तर व्यवसायाशी निगडित स्थिती म्हटले आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. त्यामुळे दोष व्यक्तीच्या मनोबलात न शोधता कामाच्या रचनेत शोधावा लागतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
निवासी प्रशिक्षणाची आधुनिक पद्धत विल्यम हॉल्स्टेड यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात (स्थापना १८८९) रुजविली. प्रशिक्षणार्थीने रुग्णालयातच राहावे, दिवसरात्र उपलब्ध असावे व क्रमाक्रमाने जबाबदारी स्वीकारावी, हे तिचे सूत्र होते. ‘निवासी’ हा शब्द त्यातूनच आला. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन या तरुणीचा मृत्यू झाला आणि थकलेल्या डॉक्टरांचा प्रश्न सार्वजनिक झाला. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ मध्ये ती संपूर्ण अमेरिकेत लागू झाली.

तास आणि वर्तणूक :
केवळ तास कमी केल्याने प्रश्न सुटतो काय? २०१९ मध्ये अमेरिकेतील सर्व २६२ शल्यचिकित्सा प्रशिक्षण कार्यक्रमांतील ७४०९ निवासी डॉक्टरांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ३८.५ टक्के डॉक्टरांना किमान आठवड्यातून एकदा बर्नआऊटची लक्षणे जाणवत होती, तर ४.५ टक्के डॉक्टरांच्या मनात गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आले होते. स्त्रियांमध्ये बर्नआऊटचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आढळले. परंतु भेदभाव, अपमान व लैंगिक छळ हे घटक हिशेबात घेताच हा फरक उरला नाही. म्हणजे स्त्रिया मुळात दुबळ्या नव्हत्या. त्यांना मिळणारी वागणूक वाईट होती. तासांइतकेच वातावरणही निर्णायक ठरते, असा याचा अर्थ होतो.

भारतीय संदर्भ :
केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग काम सर्वसाधारणपणे १२ तासांपेक्षा व आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक नसावे, असे नमूद आहे. प्रत्यक्षात सकाळची फेरी, बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रियागृह व रात्रीचा अपघात विभाग अशी साखळी दुसऱ्या दिवशीही तुटत नाही. रक्तपिशवी आणणे, अहवाल गोळा करणे, कागदपत्रे भरणे ही कामेही बहुधा पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरावरच येतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या विनियमांत कामाचे तास ‘वाजवी’ असावेत एवढेच म्हटले असून आकडा दिलेला नाही. आयोगाच्याच कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला कमाल ७४ तासांची शिफारस केली.
शल्यचिकित्सेत एक विशेष अडचण आहे. शस्त्रक्रियेचे कौशल्य वरिष्ठांच्या हाताखालीच मिळते, प्रबंधावर स्वाक्षरीही त्यांचीच लागते. त्यामुळे अपमानाची तक्रार करणे म्हणजे शिकण्याची संधी गमावणे, अशी भीती वाटते. ‘आम्हीही असेच शिकलो’ या वाक्याने ही परंपरा पुढच्या पिढीकडे जाते.

उपाययोजना :
१) कामाच्या तासांची कमाल मर्यादा आकड्यात निश्चित करून तिची विभागाबाहेरील यंत्रणेकडून तपासणी व्हावी.
२) कारकुनी व वाहतुकीच्या कामांसाठी स्वतंत्र कर्मचारी नेमावेत.
३) तक्रार निवारणाची व्यवस्था विभागप्रमुखाच्या अखत्यारीबाहेर असावी.
४) मानसोपचाराची सोय गोपनीय असावी व ती घेतल्याने प्रशिक्षणावर परिणाम होऊ नये.

समारोप :
तास कमी झाल्यास शस्त्रक्रियेचा अनुभव कमी पडेल, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि, रक्तपिशवीसाठी घातलेल्या खेपांनी हात तयार होत नाही. शिकविणारे तास राखून केवळ राबविणारे तास वगळणे शक्य आहे. ते न झाल्यास त्याची किंमत प्रथम प्रशिक्षणार्थी आणि त्यानंतर शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्ण मोजतो.