जुन्या वेलीची वाइन हृदयाचे औषध आहे का?

स्पेनच्या ईशान्येला, कॅटलोनियात, प्रिओरात नावाचा डोंगराळ भाग आहे. काळ्या पाटीच्या दगडाचे तुकडे हीच इथली जमीन. उतार इतके तीव्र, की कित्येक मळ्यांत यंत्र चढत नाही. मशागत आणि तोडणी हातानेच करावी लागते. बाराव्या शतकात आलेल्या ख्रिस्ती मठवासीयांनी इथे द्राक्षशेती रुजवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या अमेरिकी किडीने ती उद्ध्वस्त केली. पुढे अमेरिकी खुंटावर कलमे बांधून पुन्हा लागवड झाली. गार्नाचा आणि कारिन्येना जातींच्या त्या लागवडीतल्या काही वेली आज शंभरीला टेकल्या आहेत.

वेल म्हातारी झाली की फळ कमी धरते. मुळे खडकाच्या भेगांत खोल गेलेली असतात, घड मोजके आणि मणी बहुधा बारीक असतात. मणी बारीक, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो. पॉलिफेनॉल ही द्रव्येही तिथलीच. म्हणून ही वाइन गडद आणि दाट चवीची होते. इथपर्यंत सगळे खरे. पण त्यापुढे ‘गडद म्हणजे हृदयाला अधिक हितकर’ असे म्हटले जाते, तेव्हा थांबायला हवे.

या समजाचे मूळ शेजारच्या फ्रान्समध्ये आहे. लोणी-चीज भरपूर खाऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकाराचे मृत्यू कमी का, या प्रश्नाला १९९२ साली ‘लॅन्सेट’मधील एका लेखाने वाइन हे संभाव्य उत्तर दिले. मग सालीतल्या रेझव्हेराट्रॉल या द्रव्याचा गवगवा झाला. २००६ मध्ये लठ्ठ उंदरांवर त्याचे चांगले परिणाम दिसले. मात्र उंदरांना दिलेली मात्रा दर किलो वजनामागे रोज सुमारे २२ मिलिग्रॅम होती. एक लिटर रेड वाइनमध्ये हे द्रव्य साधारणपणे काही मिलिग्रॅमच असते. साठ किलोच्या माणसाने त्या हिशेबाने मात्रा घ्यायची, तर रोज शेकडो लिटर वाइन लागेल!

इटलीतल्या कियांती या वाइनसाठीच प्रसिद्ध असलेल्या भागात ६५ वर्षांवरील ७८३ जणांच्या लघवीत या द्रव्याचे अंश मोजून नऊ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: त्यांच्या प्रमाणाचा हृदयविकार, कर्करोग किंवा मृत्यू यांच्याशी संबंध दिसला नाही.

मग ‘थोडी पिणारे अधिक जगतात’ असे सांगणारी सर्वेक्षणे? त्यांत एक मोठी अडचण आहे. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जातात, त्यामुळे तो गट मुळातच अशक्त असतो. शिवाय जेवणाबरोबर थोडीशी वाइन घेणाऱ्यांची आर्थिक स्थिती, आहार आणि व्यायाम बहुधा बरा असतो. श्रेय मात्र पेल्याला मिळते.

स्पेनमधलाच एक मोठा प्रयोग इथे बोलका आहे. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे साडेसात हजार जणांवरील ‘प्रेडिमेड’ चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. गटवाटणीतील त्रुटी आढळल्याने २०१८ मध्ये ती दुरुस्त करून पुन्हा छापावी लागली; तरी मुख्य निष्कर्ष टिकला. ऑलिव्ह तेल किंवा सुका मेवा यांची जोड दिलेल्या भूमध्य आहाराने हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण घटले. चाचणीत गटागटांना तेल आणि मेवा वाटला होता, वाइन नव्हे.

आता बाटलीवरचा आकडा पाहू. प्रिओरातचे ऊन आणि कमी पीक यांमुळे द्राक्षांत साखर भरपूर उतरते आणि आंबवताना साखरेचाच मद्यार्क होतो. त्यामुळे इथल्या वाइनमध्ये मद्यार्क अनेकदा साडेचौदा टक्क्यांच्या घरात असतो. अशा १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १७ ग्रॅम, तर ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ८६ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. हाताने तोडलेल्या द्राक्षांचा असो वा कारखान्यातला, यकृताला त्यात फरक कळत नाही. मद्यार्क १९८८ पासून कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेल्या पदार्थांच्या यादीत आहे. स्तन, अन्ननलिका, यकृत आणि आतड्याचे कर्करोग त्याच्याशी निगडित आहेत. मद्यपानाची पूर्णपणे निर्धोक अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

यकृताचा आजार, अनियंत्रित रक्तदाब किंवा हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी वाइन टाळावीच. मधुमेहाची औषधे, रक्त पातळ करणारी किंवा झोपेची गोळी चालू असेल, तर आपण पितो हे डॉक्टरांपासून लपवू नये. आणि जे पीत नाहीत, त्यांनी हृदयासाठी म्हणून सुरुवात करण्याचे कारण नाही.

शंभर वर्षांच्या वेलीची वाइन चवीसाठी नावाजली गेली, तर ते तिथल्या शेतकऱ्याच्या कष्टाचे चीज आहे. तिला औषधाच्या कपाटात मात्र जागा नाही.