पाव अंशाच्या आसपास

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेली १०० सेंटिमीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण बलूनला टांगून हैदराबादहून वर सोडली जाते. तिचे बोलोमीटर निरपेक्ष शून्यापेक्षा जेमतेम ०.३ अंशांनी वर, म्हणजे ०.३ केल्विनवर ठेवावे लागतात. ताऱ्यांना जन्म देणाऱ्या धूलिमेघांचे प्रारण मुख्यतः शंभर-दोनशे मायक्रॉनच्या पट्ट्यात येते. हवेतली वाफ ते शोषते, म्हणून तीसेक किलोमीटर उंची गाठायची. आरसा मात्र तिथेही उबदारच राहतो आणि याच पट्ट्यात प्रकाशतो. तो गोठवणे बलूनला पेलणारे नाही. निदान संवेदक आणि त्यापुढचे फिल्टर तरी गार हवेतच.

बोलोमीटर म्हणजे सिलिकॉनचा इवलासा तुकडा. किरण पडला की तो किंचित तापतो आणि त्याचा विद्युतरोध बदलतो. तुकडा मुळातच उबदार असेल, तर अणूंच्या स्वतःच्या खळबळीत हा बदल बुडून जातो. या दुर्बिणीत दोन पट्ट्यांसाठी असे एकूण बारा तुकडे आहेत.

थंडी टप्प्याटप्प्याने साधते. साधा द्रव हीलियम ४.२ केल्विनला उकळतो. त्यावरचा दाब उतरवला की तापमान दोनच्या खाली येते. त्यापुढे त्याचा जोर संपतो. मग हीलियम-३ लागतो. हा दुर्मीळ समस्थानिक ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो, म्हणून तो उडू न देता बंद भांड्यातच फिरवतात. पंपाचे काम चक्क कोळसा करतो: सक्रिय कोळसा तापवला की वायू सोडतो, आणि तो वायू थंड भिंतीवर द्रवतो, कोळसा गार केला की तोच वायू शोषून घेतो. दाब कोसळतो, उरलेला द्रव ०.३ केल्विनपर्यंत उतरतो. फिरता भाग एकही नाही, म्हणून थरथर नाही. या पद्धतीचा खरा मोठेपणा तोच.

युरोपच्या हर्शेल दुर्बिणीने २००९ साली हीच युक्ती अवकाशात नेली. तिथे वजनाअभावी द्रव तळाशी बसत नाही, म्हणून हीलियम-३ सच्छिद्र पदार्थात धरून ठेवावा लागला. हे चक्र बंद असले तरी भोवतीचा साधा हीलियम, म्हणजे हीलियम-४, उडतच होता. एप्रिल २०१३ मध्ये तो संपला आणि निरीक्षणे थांबली. जेम्स वेब दुर्बिणीच्या मिरी उपकरणाला यांत्रिक शीतक दिला आहे. त्याला संपणारा साठा लागत नाही, पण तो सात केल्विनच्या किंचित खालीच थांबतो. मध्य-अवरक्त प्रकाशाला तेवढे पुरते.