फुकटच्या हवेचा जमाखर्च

विजेच्या बचतीचा विषय निघाला की कारखानदार मंडळींची दृष्टी प्रथम दिव्यांकडे वळते. परंतु कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील फाउंड्री असो वा चाकणचा सुट्या भागांचा कारखाना, जी हवा फुकटची मानून दिवसभर वापरली जाते, ती दाबून देण्यासाठी कॉम्प्रेसर जी वीज घेतो, तिच्यापैकी जेमतेम १० ते १५ टक्केच प्रत्यक्ष कार्यास येते आणि उरलेली बहुतांश उष्णतारूपाने निघून जाते, ही बाब कोणत्याही दप्तरात सहसा नोंदलेली आढळत नाही.

त्यात पुन्हा गळती! देखभालीची तजवीज नसलेल्या कारखान्यांत सांध्यांतून व जीर्ण नळ्यांतून २० ते ३० टक्के हवा बेहिशेबी निसटते.

या गळतीची परीक्षा अगदी सोपी आहे. सर्व यंत्रे बंद असताना कॉम्प्रेसर तेवढा सुरू ठेवावा आणि तो किती वेळ भाराखाली चालतो हे घड्याळ लावून मोजावे. मागणी शून्य असताना त्याने केलेले सारे श्रम ही निव्वळ गळती. मग साबणाचे पाणी घेऊन सांधे तपासावेत. शिवाय कॉम्प्रेसरचा दाब एका बारने उतरवता आला, तर वीज सुमारे ६ ते ७ टक्के कमी लागते.

येत्या साप्ताहिक सुटीस हा प्रयोग अवश्य करावा आणि आलेला आकडा येथे कळवावा.