गोटी सोड्यातला वायू

आंधळगाव असो की तुमसर, वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की गोटी सोड्याची आठवण होते. सोडा भरणारा पाण्याच्या बाटल्या यंत्राच्या चौकटीत बसवतो, टाकीतला कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि चाक गरगरा फिरवतो. हे फिरवणे कशासाठी?

दाब दुप्पट केला तर पाण्यात विरघळणारा वायूही दुप्पट होतो, हे विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये दाखवले. पण तेवढा वायू विरघळायला वेळ लागतो. स्थिर पाण्यात तो फक्त वरच्या पृष्ठभागातून शिरतो. पाणी घुसळले की हा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. न हलवता ठेवलेल्या पिंपाला जे काम करायला कित्येक दिवस लागतात, ते चाकावर पाहता पाहता उरकते.

गोटीची युक्ती हिराम कॉड या इंग्रजाची, १८७० नंतरची. बाटली उलटी असताना गोटी मानेतल्या रबरी कड्यावर येते आणि आतला दाबच तिला तेथे घट्ट धरतो. बूच लागतच नाही!

आता उन्हाचे पाहा. नेहमीच्या हवेइतक्या दाबाखाली एक लिटर पाण्यात २० अंशांना सुमारे ०.८८ लिटर वायू विरघळतो, ४० अंशांना जेमतेम ०.५३. बंद बाटलीतला जास्तीचा वायू जाणार कोठे? थोड्याशा रिकाम्या जागेत तो कोंडतो आणि दाब सुमारे दीडपट होतो. काचेला बारीकसा तडा असेल तर बाटली फुटते. म्हणून भरलेल्या बाटल्या सावलीत, ओल्या पोत्याखाली ठेवाव्यात. पोत्यामुळे पाणी थंड राहते आणि काच उडालीच तर तीही अडते.