तपासणीचा कागद कामगाराच्या हाती हवा

कारखान्यात वर्षातून एकदा डॉक्टर येतात. कामगार रांगेत उभे राहतात. उंची, वजन, रक्तदाब, छातीचा फोटो, रजिस्टरवर सही, की माणूस पुन्हा मशीनवर. फोटोत काय दिसले, कानाला किती ऐकू येते, हे त्याला कोणी सांगत नाही. कागद ऑफिसच्या कपाटात जातो. घरी बायको विचारते, "डॉक्टर काय म्हणाले?" उत्तर ठरलेले असते, "काही नाही, फिट आहे." बंधू-भगिनींनो, हे उत्तर पुरेसे नाही. आम्हा कारकून मंडळींना एक गोष्ट पक्की ठाऊक असते : दफ्तरात ज्याची नोंद नाही, ते घडलेच नाही असे धरले जाते. कामगाराच्या आजाराचेही तसेच आहे.

गिरणीतला खोकला

मुंबईच्या कापडगिरण्यांत आपल्या समाजाचे हजारो लोक राबले. पण साचेखात्यात, म्हणजे जेथे कापड विणले जाई आणि पगार जास्त मिळे तेथे, त्यांना प्रवेश नव्हता. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा इतरांना चालत नसे. म्हणून आपली माणसे त्रासन खात्यात आणि तशाच कमी पगाराच्या कामांवर राहिली. 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला आणि साचेखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली.

यात पगाराइतकाच प्रश्न छातीचाही होता. कापूस फोडणे, पिंजणे आणि सूत काढणे या कामांत कापसाची बारीक धूळ उडते. वर्षानुवर्षे ती छातीत गेली की 'बिसिनोसिस' हा रोग जडतो. त्याची खूण विचित्र आहे. साप्ताहिक सुट्टी संपवून माणूस कामावर येतो आणि त्याच दिवशी छाती आवळते, धाप लागते. पुढच्या दिवशी जरा बरे वाटते. काही वर्षांनी मात्र हा त्रास रोजचा होतो आणि शेवटी काम सोडले तरी जात नाही. कित्येकांना क्षयरोग किंवा दमा समजून औषधे दिली गेली. विडी ओढतो म्हणून दोषही त्याच्याच माथी आला. मुंबईच्या एका गिरणीतील कामगारांना तपासून डॉ. व्ही. मुरलीधर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. हा रोग मुंबईच्या गिरणीत आहे, हे त्यात नोंदले गेले. खोकला जुनाच होता, नोंद मात्र उशिरा झाली.

आपल्या तेरच्या वाचकांना हे दूरचे वाटू नये. शेजारीच ढोकीला साखर कारखाना उभा राहिला. उसाचा जुना, कोरडा, बुरशी लागलेला बगॅस हलवताना उडणारी धूळ छातीत गेली तर 'बगॅसोसिस' होतो. काही तासांतच ताप, खोकला आणि धाप लागते. त्यालाही न्यूमोनिया किंवा क्षय समजण्याची चूक होते. बिसिनोसिस व बगॅसोसिस हे दोन्ही भरपाईस पात्र अशा व्यावसायिक रोगांच्या यादीत आहेत. पण भरपाई मागायची तर रोग कामामुळेच झाला, हे कागदावर दिसावे लागते.

खरी तपासणी कोणती?

सर्वांची एकसारखी तपासणी ही आरोग्य शिबिरात ठीक आहे. कामगाराची तपासणी त्याच्या कामाप्रमाणे व्हायला हवी. धुळीत काम करणाऱ्याची फुंकर यंत्रावर मोजली पाहिजे. कापसाच्या धुळीत असेल तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी आणि नंतर. गोंगाटात काम करणाऱ्याचे कान तपासायचे तर आधी काही तास तो गोंगाटापासून दूर असला पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. गोंगाटाने बारीक, उंच आवाज ऐकू येणे आधी जाते. माणसाला ते कळतही नाही, आणि गेलेले परत येत नाही. शिशाचे काम असेल तर रक्तातील शिसे मोजावे लागते. या सर्वांआधी डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारायला हवा : "आजवर कुठे, काय काम केले, किती वर्षे?"

कामाला लागताना, नंतर ठरावीक मुदतीने, मोठ्या आजारानंतर परतताना आणि काम सोडताना, अशा तपासण्या झाल्या तरच आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून पाहता येतो. मालकालाही यात फायदा आहे. एकाच खात्यातील चार जणांची फुंकर कमी भरली, तर बिघाड माणसांत नसून खात्यात आहे, हे त्याला वेळीच कळते. धूळ ओढून घेणारे यंत्र बसवणे हा खरा उपाय. नुसता तोंडाला फडका बांधायला देणे हा नव्हे.

कायदा काय म्हणतो?

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली. 1944 साली त्यांचा अहवाल आला आणि पुढे 1948 चा राज्य विमा कायदा झाला. भोपाळच्या 1984 च्या वायुकांडानंतर कारखाना कायद्यात 1987 साली दुरुस्ती झाली. धोक्याच्या कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर दर बारा महिन्यांच्या आत तपासणी करावी, आरोग्याच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या कामगाराला पाहता याव्यात, असे तीत होते. तो कायदा आता जुना झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. धोक्याच्या कामातील नोंदी कामगाराला पाहू देण्याची तरतूद त्यांतही आहे. चाळीस वर्षांवरील कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी होईल, असे सरकारने जाहीर केले आहे. नियुक्तीपत्र देणेही मालकावर बंधनकारक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितले की, कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या उद्योगातील कामगाराची वैद्यकीय नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असा आदेशही दिला. कारण असे रोग कामाची पाळी संपल्यावर, कधी नोकरी संपल्यावरही वर येतात.

तपासणीची भीती

"तपासले आणि अनफिट ठरवले तर?" ही भीती खोटी नाही. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. एका हंगामी कामगाराला एचआयव्हीची लागण दिसली म्हणून काम नाकारले होते. तो काम करू शकतो आणि इतरांना त्याच्यापासून धोका नाही, मग केवळ लागण आहे म्हणून त्याला काम नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आले तर माणसाला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते, असे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. तपासणी असते ती माणसाला झेपेल असे काम देण्यासाठी. त्याला गेटबाहेर काढण्यासाठी नव्हे.

ज्यांना गेटच नाही

आपल्या मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या बायाबापड्यांना ना हजेरीपट, ना फॅक्टरीचा डॉक्टर. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने केली. पाहणी केलेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. भगिनींनो, कोणी शस्त्रक्रिया सांगितली तर लगेच होकार देऊ नका. सोनोग्राफीचा आणि सल्ल्याचा कागद मागून घ्या आणि सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

घरातली फाईल

यासाठी पैसा लागत नाही. एक साधी फाईल करा. नियुक्तीपत्र, पगारपत्रक, विम्याचे कार्ड, प्रत्येक तपासणीचा अहवाल आणि एक्स-रे त्यात ठेवा. एका कोऱ्या कागदावर कोणत्या खात्यात, कोणत्या साली, किती वर्षे काम केले ते लिहा. अहवालाची प्रत मागताना तोंडी मागू नका. अर्ज करा, त्याची पोच घ्या. वडिलांना लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी मुलगी लिहील. पुढचा रविवार या कामाला द्या. कारखाना बंद पडतो, कपाटे भंगारात जातात. घरच्या पेटीतला कागद मात्र आपल्या हाती राहतो.